मध्येच लॉगआउट, अधूनमधून ४०१ : टोकनची मुदत वाढवण्याआधी काय तपासावं

तक्रार साधारण याच शब्दांत येते: "काम करता करता आपोआप बाहेर काढतंय, परत लॉगिन मागतंय." नेमकं कधी होतं ते कुणाला सांगता येत नाही, आपल्या मशीनवर घडवून दाखवता येत नाही, आणि दोन-चार दिवस शांत राहून सोमवारी सकाळी ऐन गर्दीच्या वेळी पुन्हा सुरू होतं. मग कुणीतरी ॲक्सेस टोकनची (लॉगिननंतर मिळणारा, दर रिक्वेस्टसोबत दाखवायचा पास) मुदत १५ मिनिटांवरून थेट ३० दिवसांवर नेतं. तक्रारी थांबतात, तिकीट बंद होतं.

हा उपाय कृपा करून करू नका. मी ज्या एपीआयवर (ॲप आणि वेबसाइट सर्व्हरशी बोलतात तो मार्ग) काम करते ती पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टांची आहे. लॅबमधले टेक्निशियन, गावोगावची कलेक्शन सेंटर, डॉक्टर आणि पेशंट असे चार तऱ्हेचे लोक ती वापरतात. सेंटरवरचा एखादा कर्मचारी नोकरी सोडून जातो, आपण त्याचं खातं बंद करतो, पण त्याच्या फोनमधलं ३० दिवसांचं टोकन चालूच राहतं. कारण टोकनवरची सही तपासून पुढे सोडणारा सर्व्हर डेटाबेसला काही विचारतच नाही. म्हणजे कुणाची कुठली टेस्ट पॉझिटिव्ह आली हे त्या माणसाला महिनाभर घरबसल्या वाचता येतं. ज्याचा रिपोर्ट आहे त्याला याचा पत्ताही नसतो.

लॉगआउटचं लक्षण एकच दिसलं तरी त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. ज्या क्रमाने ती शोधली तर वेळ वाचतो, त्या क्रमाने लिहिते.

आधी ४०१ आणि ४०३ वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण टोकनमध्ये नसतंच. एपीआय "तू कोण आहेस ते कळलं नाही" आणि "तू कोण आहेस ते कळलं, पण हे तुला करता येणार नाही" या दोन्हीला ४०१ हाच एचटीटीपी कोड उत्तर म्हणून देत असते. पहिल्याला ४०१ बरोबर आहे, दुसऱ्याला ४०३ हवं.

फ्रंटएंडमध्ये बहुतेक ठिकाणी एक इंटरसेप्टर (प्रत्येक उत्तर आधी बघणारा कोड) असतो: ४०१ आलं की रिफ्रेश कर, म्हणजे जवळचं जास्त मुदतीचं रिफ्रेश टोकन देऊन नवं ॲक्सेस टोकन घे, तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठव, तरीही ४०१ आलं तर लॉगिनच्या पानावर ने. आता सेंटरवरच्या ताईंनी "रिपोर्ट मंजूर करा" हे बटण दाबलं. ते बटण त्यांच्यासाठी नाही, पण स्क्रीनवर दिसतंय. सर्व्हरने ४०१ दिलं. इंटरसेप्टरने रिफ्रेश केलं, ते व्यवस्थित झालं. पुन्हा रिक्वेस्ट गेली, पुन्हा ४०१. ताई थेट लॉगिनच्या पानावर. त्यांच्या दृष्टीने हे "मध्येच लॉगआउट", आणि लॉगमध्ये मात्र टोकन नुकतंच काढलेलं, अगदी ताजं. अशा वेळी मुदत वाढवून काहीच फरक पडत नाही. बटण दाबलं की पुन्हा तेच.

नेटवर्क टॅबमध्ये हे लगेच ओळखू येतं: ४०१, मग रिफ्रेशला २०० (म्हणजे यश), मग त्याच पत्त्यावर पुन्हा ४०१. हा क्रम दिसला की रिफ्रेशच्या कोडला हात लावू नका, सर्व्हरवरचा परवानगी नाकारणारा कोड उघडा. बेअरर टोकनच्या (जो दाखवेल त्याला आत सोडणारं टोकन) आरएफसी ६७५० या इंटरनेट मानकात २०१२ सालीच याची सोय करून ठेवली आहे. टोकन मुदतबाह्य किंवा बिघडलेलं असेल तर ४०१ आणि 'इनव्हॅलिड टोकन', अधिकार अपुरा असेल तर ४०३ आणि 'इनसफिशंट स्कोप'. ४०१ सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर पाठवणं बंधनकारक आहे. तो पाठवला की फ्रंटएंडला अंदाज बांधावा लागत नाही. एपीआय वेगळ्या ओरिजिनवर (पत्त्यावर) असेल तर तो हेडर जावास्क्रिप्टला वाचता यावा म्हणून सीओआरएसच्या (ब्राउझरचे दुसऱ्या ओरिजिनशी बोलण्याचे नियम) एक्स्पोज-हेडर्समध्ये त्याचं नाव घालायला विसरू नका.

लॉगमध्ये नकाराचं कारण लिहा

"ऑथ फेल्ड" एवढंच लिहिणारा लॉग काही कामाचा नाही. प्रत्येक नकारामागे कारण लिहा: हेडर आलाच नाही, सही जुळली नाही, मुदत संपली, ऑडियन्स (टोकन कुठल्या एपीआयसाठी आहे ते) चुकला, रिफ्रेश टोकन आधीच वापरलेलं होतं. सोबत टोकनचा आयडी, सही करायच्या किल्लीचा आयडी, टोकन काढल्याची आणि संपण्याची वेळ, सर्व्हरची त्या क्षणाची वेळ आणि कुठल्या सर्व्हरने नकार दिला त्याचं नाव. टोकन मात्र लॉगमध्ये पूर्ण कधीच लिहू नका. लॉग वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला मग त्या माणसाच्या नावाने आत शिरता येतं.

एवढं झालं की अर्ध्याहून जास्त प्रकरणं लॉगकडे बघूनच सुटतात. सही न जुळण्याचे नकार तीन सर्व्हरपैकी एकाकडूनच येत असतील तर त्या सर्व्हरवर जुनी किल्ली राहिली आहे. प्रत्येक डिप्लॉयनंतर सगळेच बाहेर पडत असतील तर ॲप सुरू होताना किल्ली नव्याने रँडम तयार होत असणार. कुणीतरी उदाहरणाचा कोड जसाच्या तसा उचललेला असतो. हेडर आलाच नाही असं दिसत असेल आणि पुढे अपाची हा वेब सर्व्हर असेल, तर तो सीजीआय किंवा फास्टसीजीआयने चालणाऱ्या ॲपकडे ऑथरायझेशन हेडर आपणहून देत नाही. २.४.१३ पासून त्यासाठी 'सीजीआय-पास-ऑथ' हे डिरेक्टिव्ह आहे. फक्त ब्राउझरमधून अडत असेल आणि पोस्टमनमधून (रिक्वेस्ट हाताने पाठवायचं साधन) चालत असेल तर ऑप्शन्सची प्रीफ्लाइट रिक्वेस्ट तपासा, ब्राउझर खऱ्या रिक्वेस्टआधी परवानगी विचारायला पाठवतो ती. तिच्यात टोकन नसतंच, त्यामुळे ती टोकनच्या तपासणीआधीच सोडून द्यायची असते.

फक्त आयफोनवाल्यांची तक्रार असेल तर वेगळंच काही बघावं लागतं. रिफ्रेश टोकन कुकीत ठेवलंय, वेबसाइट एका डोमेनवर आणि एपीआय दुसऱ्याच डोमेनवर, अशी रचना असेल तर सफारीच्या लेखी ती थर्ड पार्टी कुकी. मार्च २०२० पासून सफारी अशा कुकीज सरसकट अडवते. पान पुन्हा लोड केलं की मेमरीतलं ॲक्सेस टोकन जातं, कुकी पोचत नाही, आणि माणूस बाहेर. यावर कोडमध्ये डोकं लढवण्यात अर्थ नाही. एपीआय त्याच डोमेनच्या सबडोमेनवर आणा.

घड्याळ आणि साडेपाच तास

ही गोष्ट आपल्याकडच्या टीमना हमखास भेटते, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर आणि सर्व्हर यूटीसीवर.

जेडब्ल्यूटीमधली (सही केलेल्या टोकनचा प्रचलित नमुना) 'एक्स्प' ही संपण्याची वेळ १ जानेवारी १९७० यूटीसीपासूनच्या सेकंदांत असते. पायथनमध्ये 'यूटीसी-नाऊ' घेऊन त्यात १५ मिनिटं मिळवली आणि त्यावर 'टाइमस्टॅम्प' मागितला, तर पायथन त्या वेळेला स्थानिक वेळ समजतो, कारण तिच्यावर टाइमझोनची खूण नसते. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर उत्तर बरोबर येतं. भारतीय वेळेवरच्या लॅपटॉपवर ते १९,८०० सेकंदांनी मागे पडतं, म्हणजे टोकन निघतानाच सव्वापाच तासांपूर्वी संपलेलं असतं. हे लगेच लक्षात तरी येतं. उलट प्रकार जास्त वाईट: साधा 'नाऊ' वापरून ती वेळ पायजेडब्ल्यूटी या पायथनच्या लायब्ररीला दिली, तर पायजेडब्ल्यूटी तिला यूटीसी समजतो, आणि १५ मिनिटांचं टोकन पावणेसहा तास चालतं. कुणीच तक्रार करत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. पायथन ३.१२ पासून 'यूटीसी-नाऊ' वापरू नये असंच सांगितलं जातं. टाइमझोनसह वेळ घ्या, दोन्ही प्रश्न मिटतात.

जावास्क्रिप्टमध्ये गोंधळ सेकंद आणि मिलिसेकंदांचा होतो. 'डेट डॉट नाऊ' मिलिसेकंद देतं. हजाराने न भागता तो आकडा 'एक्स्प'मध्ये गेला तर ते टोकन ५५ हजाराव्या सालानंतरच संपेल. म्हणून एक छोटी टेस्ट कायमची लिहून ठेवा: टोकन काढा, संपण्याच्या वेळेतून काढल्याची वेळ वजा करा, उत्तर ९०० आलंच पाहिजे. शिवाय काढल्याची वेळ मशीनच्या घड्याळाशी एक-दोन सेकंदांच्या आत जुळली पाहिजे. ही टेस्ट एकदा यूटीसीवर आणि एकदा भारतीय वेळेवर चालवा.

सर्व्हरांच्या घड्याळांत थोडा फरक राहणारच. आरएफसी ७५१९ थोडी सूट द्यायला परवानगी देतो. माझ्या मते ३० ते ६० सेकंद पुरतात. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ही सूट मुळातच ५ मिनिटांची असते, हे लक्षात ठेवून १५ मिनिटांचा हिशेब करा. आणि फोनच्या घड्याळावर विसंबून "टोकन संपलं का" हे ॲपला ठरवू देऊ नका. सेंटरवरच्या फोनचं घड्याळ पुढे असेल तर ॲप दर रिक्वेस्टला रिफ्रेश करत बसतं.

दोन टॅब, एक रिफ्रेश टोकन

वरचं सगळं ठीक असेल, तरी बरोबर १५ मिनिटांच्या आसपास आणि तेही कधीकधीच लॉगआउट होत असेल, तर तुम्ही मूळ दुखण्यापाशी आलात.

रिफ्रेश टोकन दर वापराला बदलायचं, जुनं बाद करायचं, आणि बाद झालेलं टोकन पुन्हा कुणी दाखवलं तर चोरी झाली असं समजून त्या लॉगिनपासून निघालेली सगळी साखळीच रद्द करायची, ही पद्धत योग्य आहे. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये ब्राउझर आणि मोबाइल ॲपसारख्या क्लायंटसाठी हे टोकन असं बदलत राहणं किंवा ते त्या क्लायंटशी बांधून ठेवणं, यांपैकी एक सक्तीचं केलंय. अडचण अशी की आपला स्वतःचाच क्लायंट चोरासारखा वागतो.

डॅशबोर्ड उघडला की आजचे नमुने, बाकी रिपोर्ट, सूचना, बिलं वगैरे अशा पाच रिक्वेस्ट एकदम जातात. टोकन नुकतंच संपलेलं असतं. पाचही ४०१ घेऊन येतात, आणि पाचही जण तेच रिफ्रेश टोकन घेऊन सर्व्हरकडे धावतात. पहिल्याला नवं टोकन मिळतं. दुसरा पोचतो तेव्हा ते टोकन वापरलेलं ठरतं. सर्व्हर साखळी रद्द करतो, त्यात पहिल्याला नुकतंच मिळालेलं नवं टोकनही जातं. आपल्या लॅपटॉपवर सर्व्हर जवळच असल्याने पहिलं उत्तर इतक्या लवकर येतं की ही टक्कर क्वचितच घडते. तालुक्याच्या गावी मंद नेटवर हटकून घडते. घडवून पाहायचं असेल तर ॲक्सेस टोकनची मुदत २० सेकंद करा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मंद करा आणि तोच डॅशबोर्ड दोन टॅबमध्ये उघडून ठेवा.

एका टॅबपुरता उपाय सोपा आहे. रिफ्रेश सुरू असेल तर दुसरा सुरू करायचा नाही, चालू असलेल्या प्रॉमिसवरच (जावास्क्रिप्टमधलं अजून यायचं असलेलं उत्तर) बाकीच्यांनी थांबायचं. पण टॅब दोन असले तर त्यांची मेमरी वेगळी. तिथे वेब लॉक्स (एका वेळी एकाच टॅबला काम करू देणारी ब्राउझरची सोय) वापरा, ते २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहेत. लॉक मिळाल्यावर लगेच रिफ्रेश करू नका. आपण थांबलो होतो तेवढ्यात दुसऱ्या टॅबने रिफ्रेश उरकलं असेल, तेव्हा आधी ते बघा. ही एक ओळ बरेच जण विसरतात, आणि मग लॉक असूनही प्रत्येक टॅब रांगेत उभा राहून आपापलं रिफ्रेश करतोच.

क्लायंटवर कितीही बंदोबस्त केला तरी एक गोष्ट त्याच्या हातात नाही. सॅम्पल गोळा करणारा मुलगा सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरला आणि नेमकी त्या क्षणी रेंज गेली. रिफ्रेशची रिक्वेस्ट पोचली, सर्व्हरने जुनं बाद करून नवं पाठवलं, पण उत्तर फोनपर्यंत आलंच नाही. फोनकडे आता फक्त बाद टोकन आहे. पुढच्या वेळी तो ते दाखवणार आणि चोर ठरणार. इथे सर्व्हरनेच समजून घ्यावं लागतं.

काही जण जुन्या टोकनला १०-२० सेकंदांची सवलत देतात. टॅबांच्या टकरीला ती पुरते, पण लिफ्टमधून बाहेर येऊन पुढच्या घरी ॲप उघडणाऱ्याला पुरत नाही. मला जास्त पटलेली पद्धत अशी: नवं टोकन दिल्यावर जुनं लगेच बाद करायचं नाही. नव्याचा पहिला वापर झाला की मग जुनं बाद. रेल्समधली डोअरकीपर ही टोकन देणारी लायब्ररी हेच करू शकते. उत्तर फोनला मिळालंच नसेल तर नवं टोकन कुणी वापरलेलं नसणार. तेव्हा जुनं चालतं, आणि न वापरलेलं नवं रद्द करून आणखी एक दिलं जातं. चोराने मध्येच टोकन पळवून वापरलं असेल तर त्याच्याकडच्या नव्याचा वापर झालेला असतो, त्यामुळे खऱ्या माणसाचं जुनं टोकन आलं की घंटा वाजतेच. एक काळजी: ज्या टॅबने रिफ्रेश केलं त्याचं न वापरलेलं टोकन दुसऱ्या टॅबच्या रिफ्रेशने रद्द होऊ शकतं, म्हणून क्लायंटवरचा लॉक तरीही ठेवा.

डेटाबेसमध्ये रिफ्रेश टोकनचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा) ठेवा, मूळ टोकन नको. सोबत साखळीचा आयडी, कुठल्या टोकनपासून निघालं, आणि वापरल्याची वेळ. "वापरलं का" हे आधी वाचून मग लिहायचं असं दोन पायऱ्यांत केलंत तर दोन रिक्वेस्ट मधल्या फटीतून आत येतात. वापरल्याची वेळ रिकामी असेल तरच भरा, अशी एकच अटीची अपडेट चालवा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. एक ओळ बदलली तर तुम्ही पहिले, शून्य तर तुमच्या आधी कुणीतरी येऊन गेलं.

टोकनमध्ये अधिकार भरू नका

"रोल बदललाय, आता लॉगआउट करून परत लॉगिन करा" असं तुम्हाला लोकांना सांगावं लागत असेल, तर तुमच्या टोकनमध्ये परवानग्या भरलेल्या आहेत. मग ते टोकन फुगत जातं. एखाद्याकडे चाळीस सेंटरांची जबाबदारी असेल तर हेडर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ८ किलोबाइटच्या बफरपुढे जातो आणि फक्त त्याच माणसाला ४०० येत राहतं.

टोकनने माणूस कोण एवढंच सांगावं: कुणी दिलं, कुणासाठी, कुठल्या एपीआयकरता, कधीपर्यंत. त्याला काय करता येतं हे दर रिक्वेस्टला आपल्या डेटाबेसमधून बघा. वेग हवा असेल तर मिनिटभर कॅश करा. ऑडियन्स न तपासल्याने पेशंटच्या ॲपमधलं टोकन लॅबच्या ॲडमिन एपीआयवर चाललेलं मी पाहिलंय. किल्ली एकच होती, सही बरोबर होती, आणि पुढे कुणी काही विचारलंच नाही. तसंच सहीचा अल्गोरिदम टोकनच्या हेडरमधून घेऊ नका, सर्व्हरवर ठरवून ठेवा. हेडरमध्ये 'अल्ग नन' म्हणजे 'सही नाही' असं लिहून खोटं टोकन चालवण्याचं प्रकरण २०१५ मध्ये उघडकीला आलं, तरी अजून कुठेकुठे हे दिसतं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिते ते. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ ला आणि २०२३ लाही पहिला क्रमांक एकाच दोषाचा आहे: टोकन खरं, माणूस खरा, पण मागितलेली वस्तू त्याची नाही, आणि सर्व्हर ती देऊन टाकतो. रिपोर्ट क्रमांक ४८१२ च्या जागी ४८१३ टाकला की दुसऱ्या सेंटरच्या पेशंटचा रिपोर्ट उघडतो. क्रमांकाऐवजी लांबलचक यूयूआयडी (अंदाज न बांधता येणारा आयडी) लावल्याने हा दोष जात नाही. लिंक व्हॉट्सॲपवर फिरली की यूयूआयडीही फिरला.

आधी रिपोर्ट काढायचा आणि मग मालक तपासायचा, असं लिहिलं की एखाद्या एंडपॉइंटवर (एपीआयच्या पत्त्यावर) दुसरी पायरी राहूनच जाते. पीडीएफ डाउनलोडवर तर हमखास. म्हणून अट क्वेरीतच घाला: हा रिपोर्ट क्रमांक आणि या माणसाची सेंटर. ओळ मिळाली नाही तर ४०४ (सापडलं नाही) द्या, म्हणजे तो क्रमांक अस्तित्वात आहे की नाही हेही कळत नाही. आणि ज्या रूटवर कुठलाच नियम लिहिलेला नाही तो बंद, असं मूळ धोरण ठेवा. तपासायला दोन सेंटर आणि दोन माणसं तयार करा, एकाच्या टोकनने दुसऱ्याच्या प्रत्येक वस्तूवर प्रत्येक रूट मारा. एकही २०० आला तर रिलीज थांबवा.

एकच ॲप आणि एकच डेटाबेस असेल तर मुळात जेडब्ल्यूटी हवंच का, हेही विचारा. रँडम टोकन, डेटाबेसमध्ये त्याचा हॅश, रद्द करायचं तर ओळ पुसायची. सेंटरवरचा कर्मचारी सोडून गेला की त्याच मिनिटाला दार बंद. दहा सर्व्हिसेस वेगवेगळ्या धावत असतील तेव्हा जेडब्ल्यूटीचा फायदा आहे, त्याआधी फारसा नाही.

आधीच वाटलेली ३० दिवसांची टोकनं

दुरुस्ती लाइव्ह करताना आधी ४०१-४०३ चा बदल आणि लॉग जाऊ द्या, मग क्लायंटवरचा लॉक, मग सर्व्हरवरचं रिफ्रेश, आणि शेवटी मुदत खाली आणा. हा क्रम उलटा केला तर पहिल्याच सकाळी फोन खणखणतील.

मुदत कमी केल्याने आधी दिलेली टोकनं मरत नाहीत. त्यांच्यासाठी नवी किल्ली नव्या आयडीसह आणा, नवी टोकनं तिनेच सही करा. दोन्ही किल्ल्या काही दिवस चालू ठेवा, त्या काळात ॲप उघडणारे बहुतेक जण आपोआप नव्यावर येतात. जुन्या किल्लीवर अजून कोण येतंय ते लॉगमधल्या किल्लीच्या आयडीवरून दिसतं. तो आकडा मोजक्या फोनवर आला की त्या सेंटरना आदल्या दिवशी फोन करून सांगा: उद्या सकाळी एकदा लॉगिन करावं लागेल, पासवर्ड हाताशी ठेवा. मग लॅब बंद झाल्यावर रात्री जुनी किल्ली काढून टाका, सगळ्या सर्व्हरवरून, आणि जुन्या टोकनने एक रिक्वेस्ट मारून ४०१ येतंय ना, ते प्रत्येक सर्व्हरवर स्वतः बघा.